तिसऱ्या भागापासून

फेब्रुवारी सरत आला की आमच्या बिल्डिंगचा आवाज बसतो. दुपारी मिक्सर लावायचा नाही, जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा बाया गॅस बारीक करून आवरत्या घेतात. ज्या घरात दहावी-बारावी असेल त्या घराच्या दारावरून लोक चपला न वाजवता जातात, आत कुणी आजारी असल्यासारखे. यंदा ते घर खालच्या मजल्यावर आहे. काल तिथली बाई वर आली आणि अवघडून म्हणाली, "ताई, तुमचा टीव्ही जरा..." मी म्हटलं, "अगं, बंदच केला बघ." ती गेली, आणि मी रिमोट हातात धरून तशीच बसून राहिले. ते एक वर्ष पुन्हा आठवलं. अंबरनाथची उन्हं तापायला लागली, शिवमंदिराच्या रस्त्यावर जत्रेचे पाळणे उभे राहिले, की ते दर वर्षी आठवतं.

त्या वर्षी ते घर आमचं होतं. आमचं म्हणजे माझ्या दादाचं. मी लग्न केलं नाही, दादा-वहिनीकडेच राहते आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला जाते. दादा आनंदनगर एमआयडीसीत शिफ्टला. वहिनी बदलापूरच्या पलीकडची, बारवी धरणाच्या अंगाच्या गावातली, आठवीत शाळा सुटलेली. आणि त्यांची एकुलती एक तनू, दहावीला. घरात आम्ही चौघं. पाचवी ती दहावी, जी जेवायला बसलं तरी ताटाशी येऊन बसायची.

तनू हुशार पोरगी. हे मी आत्या म्हणून सांगत नाही, मला कुणाचं उगाच कौतुक करता येत नाही. पण प्रिलिमनंतर शाळेतून फोन आला आणि बाईंनी तिची मराठीची उत्तरपत्रिका आमच्यापुढे ठेवली. दोन्ही बाजूंना पट्टीनं आखलेला समास. वर मध्यभागी, मोत्यासारख्या अक्षरात, 'प्रश्न १ ला'. खाली दुहेरी रेघ. आणि मग काही नाही. पान उलटलं तर पुढच्या पानावर फक्त समास. सगळी वही अशी. तीन तास पोरगी त्या एका ओळीखाली पेन टेकवून बसली होती. बाई म्हणाल्या, "रडली असती तर मी काहीतरी केलं असतं हो. रडलीसुद्धा नाही." दादानं ती उत्तरपत्रिका दोनदा उलटून पाहिली, मागून काही लिहिलंय का म्हणून.

बदलापूरला एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी तनूशी एकटीशी बोलून आम्हाला आत बोलावलं आणि म्हणाल्या, भीती बसलीय, पहिल्या प्रश्नाशी अडकते आणि तिथून हलता येत नाही तिला, रागावू नका, घाई करू नका. घाई करू नका! बोर्ड काय आमच्यासाठी थांबणार होतं? परतताना रिक्षातून तनू बाहेर बघत होती. मी तिच्याकडे बघत होते, आणि सांगते, मला फार भीती वाटली. परीक्षेची नाही. हे पोर असंच एका ओळीखाली बसून राहिलं तर, याची.

वहिनीला जे सुचलं ते तिनं केलं. दहावीच्या घरात करतात तसं केबलचं रिचार्ज थांबवलं, मोबाइल कपाटात ठेवला, आणि तनूच्या फळीवरची ती पाच जाडजूड पुस्तकं जुन्या ओढणीत बांधून माळ्यावर टाकली. "हेच्यात डोकं अडकतंय पोरीचं," ती म्हणाली. ती पाच पुस्तकं म्हणजे तनूचा जीव. कुलपांशी बोलणाऱ्या एका मुलीची गोष्ट, परदेशातली, मराठीत आलेली. आपल्याकडे अशी मालिका मराठीत येईपर्यंत जगाचं वाचून झालेलं असतं, आणि आमच्या तनूच्या वर्गाचंही आठवीतच वाचून झालं होतं. तेव्हा पोरी एकमेकींना त्यातल्या नावांनी हाका मारायच्या. मग सगळ्या पुढे गेल्या, नववीत कुणाला आठवणही राहिली नाही. तनू एकटीच परत परत वाचत राहिली. मला म्हणायची, "आत्या, वाच ना एकदा." मी म्हणायचे, जादूबिदूचं मला काही कौतुक नाही बाई, आम्ही दिवसभर पँटी उलट्या करून धागे बघतो.

माळ्यावर गाठोडं गेलं तेव्हा तनूनं हूं की चूं केलं नाही. भांडली असती, पाय आपटले असते तर बरं वाटलं असतं. ती फक्त रिकाम्या फळीवर गाइड लावून ठेवायला लागली.

आमच्या कारखान्याला लागून एक रद्दीचं दुकान आहे. तिथे पुस्तकं किलोवर येतात, आणि ज्यांची कव्हरं फाटलेली असतात त्यांना तो दुकानदार आमच्याच कारखान्यानं टाकलेल्या खोक्यांचा पुठ्ठा चिकटवतो. जीन्सचा साइज छापलेला पुठ्ठा, आत पुस्तक. कॅम्प तीनमध्ये काहीही वाया जात नाही. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे उभी होते, आणि 'बत्तीस' साइजचं एक जाड पुस्तक सहज उघडलं, तर प्रकरणाच्या डोक्यावर छोटीशी किल्ली काढलेली. ही किल्ली मी ओळखत होते, वर्षानुवर्षं आमच्या घरात सोफ्यावर, ओट्यावर, गादीवर उघडी पडलेली असायची. पहिली पानं कव्हराबरोबरच गेली होती. मी ते उचललं. का उचललं, हे तेव्हा विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आता सांगते. त्या पोरीच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला मला दुसरं दारच दिसत नव्हतं.

गोष्ट सुरू होते ती तळघरात. इल्वा नावाची मुलगी साखळीला बांधलेली, तिची किल्ली कुणीतरी विकलेली, आणि तो विकणारा बोरान नावाचा पहारेकरी दाराबाहेर बसून रडतोय. ही कोण, ती किल्ली कसली, हा रडतो कशाला, काही म्हणून काही सांगत नाहीत. मला वाटलं, आजकालच्या गोष्टी अशाच सुरू होत असतील, आपणच जुने. मी दामटून वाचत गेले. शेअर रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी बसून वाचलं. एकदा स्टॉप सोडून कॅम्प चारपर्यंत गेले. रिक्षावाला म्हणाला, "मौसी, किताब में क्या है, भाडा तो डबल देना पडेगा." चेकिंगच्या टेबलावर माझा हात चालायचा आणि मन तळघरात. आमचे सेठ सिंधी, मराठी-हिंदीची खिचडी बोलतात. ते येऊन म्हणाले, "बाई, ये पीस का एक पाय लंबा आहे, तुम्ही पास केला?" खरंच होता लांब. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून असा पीस गेला, आणि मला त्याचं काही वाटेना. मला एवढंच वाटत होतं की त्या बोरानच्या नरडीला हात घालावा.

तेच तोंडातून गेलं. आम्ही जेवायला बसलो होतो. दादाची सेकंड शिफ्ट, त्यामुळे तिघीच. तनू भाताची शितं ताटाच्या कडेला लावत होती, वहिनी भाकऱ्या करता करता तिच्या ताटाकडे बघत होती, आणि मला ती शांतता इतकी असह्य झाली की मी म्हटलं, "तो बोरान मला भेटला ना, तर चपलेनं बडवीन मेल्याला."

तनूनं मान वर केली. "कोण?"

"तो तुझा बोरान. किल्लीचोर."

"तू वाचतेयस?" तिचे डोळे मोठे झाले. "पण बोरान... आत्या, तू एवढ्यात तिथे कशी पोचलीस? पहिले दोन भाग कधी वाचलेस?"

"कसले दोन? हाच पहिला ना? तळघरापासून सुरू होतो तो?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा ओठ हलला. मग ती हसली. हसली म्हणजे काय, भाताचा घास नाकात गेला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. "आत्या, तो तिसरा भाग आहे! तू तिसऱ्या भागापासून वाचतेयस! तुला इल्वा कोण ते तरी माहितेय का?"

"मला वाटलं, सांगतील पुढे."

"अगं देवा!"

हे हसणं मी प्रिलिमच्या आधी ऐकलं होतं. मधे किती दिवस गेले होते कोण जाणे. वहिनी तव्यावरची भाकरी तशीच टाकून वळली. मला वाटलं आता ओरडणार. तिनं स्टूल ओढलं, माळ्यावरून ओढणीचं गाठोडं खाली घेतलं आणि माझ्या ताटाशेजारी आदळलं. "घ्या ताई. पयल्यापासून वाचा. आनि तू सांग तिला, काय समजत नाय ते." भाकरी जळली होती. आम्ही ती तशीच खाल्ली.

त्या दिवसापासून मी कामावरून आल्यावर गच्चीवर आम्हा दोघींचं बोलणं सुरू झालं. जत्रेच्या भोंग्यांची गाणी येत असायची, खालून उसाच्या रसाच्या गाड्यांची घुंगरं. तनू परीक्षा घेतल्यासारखी मला विचारायची, कितवं प्रकरण, कोण आवडलं, का आवडलं. मी उशिरा आले होते आणि तेही चुकीच्या दारानं, त्यामुळे माझं वाचन सगळ्या जगापेक्षा वेगळं झालं होतं. तिच्या वर्गानं दोन भाग बोरानवर जीव लावला आणि तिसऱ्यात सगळ्या पोरी रडल्या. मला आधी त्याची चोरी कळली, मग पहिला भाग हातात आला. त्यात तो अडखळत बोलणारा पोरगा इल्वाला पाठीवर घेऊन गोठलेली नदी ओलांडतो, स्वतःची भाकरी तिला देतो. हा पुढे काय करणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तो मला आवडला. मी तनूला तसं सांगितलं तर ती म्हणाली, "माहीत असूनही?" मी म्हटलं, "माहीत असूनही. इलाज नाही गं, गोड आहे मेला."

खरं तर उशिरा वाचण्याचं मला आधी लाजल्यासारखं व्हायचं. पन्नाशीला टेकलेली बाई पोरींची पुस्तकं वाचते. पण मला वाटतं, मी आठवीच्या पोरींबरोबर वाचलं असतं तर आठवीच्या पोरींबरोबर विसरूनही गेले असते. तनू जेव्हा त्या गोष्टीत एकटी उरली होती, तेव्हा मी आत शिरले. तिथे आम्ही दोघीच होतो आणि तिथे कुणी तिला 'अभ्यास कुठवर आला' असं विचारत नव्हतं. गच्चीवर ती माझ्याशी बोरानबद्दल बोलायची आणि त्यातच कधीतरी मधे म्हणायची, "आत्या, मला ना, पेपर हातात आला की कानात आवाज येतो." आणि लगेच परत बोरान. मी काही विचारायची नाही. विचारलं असतं तर ती खाली निघून गेली असती.

एकदा तिनं विचारलं, "पण तिसरा भाग आधी वाचताना तुला कळत कसं होतं? मी असते तर पहिल्या पानावर थांबले असते. मागचं माहीत नसताना पुढे कसं जायचं?"

"कळत नव्हतंच. कळलं नाही ते सोडून पुढे गेले. पुढे गेल्यावर मागचं आपोआप थोडं थोडं उमगलं. आमच्या कारखान्यात बघ, खिसेवाला खिसेच शिवतो, चेनवाला चेन लावतो. कमरेचा पट्टा तयार नाही म्हणून कुणी हात बांधून बसत नाही."

ती मग म्हणाली, "बाई सांगतात, प्रश्न क्रमानं सोडवायचे. पहिला, मग दुसरा. नवीन प्रश्न नवीन पानावर. नाहीतर तपासणाऱ्याचा मूड जातो."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तपासणाऱ्याचा मूड गेला खड्ड्यात!"

दुसऱ्या दिवशी ती जुना पेपर घेऊन बसली आणि शेवटचा, लेखनाचा प्रश्न आधी काढला. मी दारातून बघत होते. पेन टेकलं, थांबलं, आणि मग चाललं. वहिनी स्वयंपाकघरातून खूण करून विचारत होती, काय, काय? मी खुणेनंच सांगितलं, लिहितेय. वहिनीनं पदर तोंडाला लावला. आणि मग माझ्या ह्या आठवीपर्यंतच शिकलेल्या वहिनीनं, जिला शाळेच्या ऑफिसात जायची लाज वाटायची, साडी बदलली आणि एकटी शाळेत गेली. बाईंना म्हणाली, "तिनं शेवटून लिवलं तर चालंल का? नियमात बसतंय का ते सांगा." बाई म्हणाल्या, "चालेल. प्रश्नाचा आकडा तेवढा बरोबर घालू दे."

इथे सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल. झालं नाही. घरी लिहायची, वर्गात नाही. शाळेत शेवटची सराव चाचणी झाली, तिथून ती आली ती सरळ गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी विचारलं, "लिहिलंस?" म्हणाली, "थोडं." थोडं म्हणजे अर्धं पान, हे बाईंनी फोनवर सांगितलं. दादा त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "नाही बसली यंदा तर नाही बसली. पोरगी हातची जायला नको." तनूनं आतून ऐकलं असणार. बाहेर येऊन म्हणाली, "पप्पा, मी बसणार आहे." आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

पहिला पेपर मराठीचा. वहिनीनं हातावर दही-साखर दिली, तनूनं ती गिळली. मी सेठकडून सुट्टी घेतली होती. ते म्हणाले, "जाओ बाई, बच्ची का एक्झाम है. इथे धागे कुठे पळून जाणारेत?" केंद्रावर ही गर्दी. आजूबाजूची झेरॉक्सची दुकानं बंद, गेटवर पोलीस, पोरांच्या हातात पारदर्शक पाऊच आणि पारदर्शक बाटल्या. आयांचे सल्ले चालूच होते. तनू गेटपाशी थांबली. मागची पोरं तिला वळसा घालून आत जात होती. तिचे पाय हलेनात. मला वाटलं, संपलं. मी तिचा हात धरायला पुढे झाले तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, पाचवा भाग आणलायस?"

"आणलाय."

"मग वाचत बस. गेटकडे बघू नको. तू बघत असलीस की मला कळतं."

आणि गेली. गेट लागलं.

मी समोरच्या पायरीवर बसले, पुस्तक उघडलं. तिनं सांगितलं होतं म्हणून नजर पानावरच ठेवली. एकच ओळ वाचत होते, कितीदा वाचली देव जाणे, आजही पाठ असायला हवी पण एक शब्द आठवत नाही. वहिनी शेजारी बसून गेटकडे बघत होती. ऊन सरकत सरकत आमच्या पायांवर आलं. कुणी बाई चहाचं विचारायची, आम्ही नको म्हणायचो. मधेच गेट किलकिलं झालं आणि शिपाईबाई एका मुलीला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. तसाच गणवेश, तशाच दोन वेण्या, मान खाली. वहिनी ताडकन उठली. माझ्या हातून पुस्तक पडलं. मुलीनं मान वर केली. आमची नव्हती. कुणाच्या तरी पोरीचं वाईट झालं आणि मला हायसं वाटलं. वाटलं ते वाटलं, देव मला काय शिक्षा करायची ती करो. तिची आई धावत आली, आणि वहिनीनंच तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. त्या मायलेकी रिक्षात बसून गेल्या, तरी बराच वेळ आम्हा दोघींना खाली बसायचं सुचलं नाही.

मग घंटा झाली. पोरं लोंढ्यानं बाहेर आली, ओरडत, हातातल्या प्रश्नपत्रिका एकमेकांच्या नाकापुढे नाचवत. आमची दिसेना. गर्दी पातळ झाली, तरी दिसेना. वहिनी माझं मनगट इतकं घट्ट धरून उभी होती की बांगड्या रुतल्या. आणि मग ती आली, सगळ्यांच्या शेवटी, पाऊच छातीशी धरून, हळूहळू. चेहऱ्यावरून काही म्हणून कळेना. विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, वहिनीत तर नव्हतीच. तिनं वहिनीच्या हातातून बाटली घेतली, उरलेलं घोटभर पाणी प्यायली, तोंड पुसलं.

"पुरवणी घेतली," ती म्हणाली.

मला एकदम काही दिसेनासं झालं. मी पदरानं डोळे पुसायला लागले. आठवीत शाळा सुटलेली वहिनी घाबरून एकदा माझ्याकडे आणि एकदा तनूकडे बघत राहिली. "काय घेतली? पुरवनी म्हंजे? काय झालं गं? ताई, रडता कशाला तुमी?"

"अगं आई, त्यांनी दिलेली पानं संपली," तनू म्हणाली. "सगळी भरली. मग हात वर करून अजून मागितली."

वहिनीला समजायला क्षणभर लागलं. मग तिनं माझं मनगट सोडलं, आणि चालत्या रस्त्यावर, ओळख ना पाळख अशा एका बाईचा हात धरून मोठ्यानं म्हणाली, "माझ्या पोरीला कागद पुरला नाय!"